दोन पावसाळे, रोज बारा तास: माझे रायडिंग बूट

मी भोर तालुक्यात गुरांचा डॉक्टर आहे. हिर्डोशी खोऱ्यातल्या वाड्यांवर गाडी थेट गोठ्यापर्यंत न्यायची, शेणामुतात उभं राहून गाय तपासायची आणि पुढच्या वाडीला निघायचं. बूट सकाळी सातला पायात चढतो तो रात्रीच निघतो. म्हणून मला गाडीवर पाय वाचवणारा आणि चालताना न छळणारा असा एकच जोड हवा होता.

आधी मी गमबूट घालायचो. जुलैत नीरा-देवघर धरणाच्या कडेने येताना एका वळणावर चिखलात पुढचं चाक निसटलं. वेग वीसच्या आत, पण माझी हिमालयन मोटरसायकल जवळजवळ दोनशे किलोची, ती डाव्या पायावर आडवी झाली. गमबूट पाणी अडवतो, घोट्याचं हाड वाचवत नाही. तीन आठवडे पाय प्लास्टरमध्ये होता, आणि त्यातच एका वाडीवर अडलेली म्हैस गेली. ते मला अजून बोचतं.

त्यामुळे नवा जोड घेताना घाई केली नाही. पुण्यातल्या दुकानात मुद्दाम संध्याकाळी गेलो, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो आणि सकाळी नीट बसलेला बूट संध्याकाळी चावतो. जाड मोजे घरूनच नेले. सगळ्यात आधी बुटाच्या आतलं लेबल पाहिलं. त्यावर मोटरसायकलस्वाराचं छोटं चित्र, ईएन १३६३४ हे रायडिंग बुटांचं युरोपीय मानक आणि चार आकडे असतात, प्रत्येक आकडा १ किंवा २. पहिला उंचीचा, दुसरा घासण्याचा, तिसरा कापलं जाण्याचा, चौथा बुटाला आडवा दाब पडला तर तो किती तग धरतो याचा. माझा पाय असाच चेंगरला होता, त्यामुळे माझ्या लेखी चौथा सगळ्यात मोलाचा. शिवाय आयपीए (IPA) ही अक्षरं असतील तर घोट्याच्या संरक्षणाची वेगळी चाचणी झालेली असते. ज्या बुटावर लेबल नव्हतं तो कितीही दणकट दिसला तरी परत ठेवला.

मग हाताची परीक्षा. एका हातात टाच, दुसऱ्यात चवडा धरून ओलं फडकं पिळतो तसा बूट पिळून पाहायचा. सहज पिळला गेला तर नको. चवड्यापाशी मात्र वाकला पाहिजे. गाईच्या कासेपाशी बसतो तसा मी दुकानात पाच मिनिटं उकिडवा बसून पाहिलं.

घेतला तो मध्यम उंचीचा चामड्याचा टूरिंग बूट, आत वॉटरप्रूफ अस्तर, बाहेरून दोन बकलं, साडेनऊ हजारांना. लेसवाला नको होता. पूर्वी एकदा लेस गिअर लिव्हरला अडकली आणि ऐन वेळी पाय टेकता आला नव्हता. चेनवाला मनात भरला होता, पण चिखल वाळला की चेन हलत नाही. सोल रबराचा, शिवलेला. हे मी आग्रहाने पाहिलं, कारण माळ्यावर ठेवलेल्या माझ्या जुन्या जोडाचा पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा, सोल हातात भाकरीसारखा चुरला होता. पीयू हवेतल्या ओलाव्यानेही खराब होत जातो, बूट वापरा नाहीतर ठेवून द्या.

सुरुवातीला जाड चवडा गिअर लिव्हरखाली जाईना. मेकॅनिककडून लिव्हर थोडा वर करून घेतला, प्रश्न मिटला. एवढं न करता बरेच जण बुटालाच नावं ठेवतात.

खटकलं ते एवढंच की मे महिन्यात घाट उतरून महाडच्या बाजूला गेलं की पाय उकडून निघतात. आणि रेनपँट बुटात खोचली तर पाणी वरून आत उतरतं. मग तेच वॉटरप्रूफ अस्तर पाणी आत धरून ठेवतं. वाळायला दोन दिवस लागतात. मी वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवतो. चुलीपाशी कधीच नाही, चामडं तडकतं. रेनपँट आता बुटावरूनच सोडतो.

गेल्या ऑगस्टमध्ये त्याच वळणावर गाडी पुन्हा घसरली, पुन्हा डाव्या बाजूला. वरचं बकल वाकलं, घोट्यावरचं चामडं खरवडलं. पाय ओढून काढला, गाडी उचलली आणि पुढच्या वाडीवरच्या वासराला वेळेत सलाईन लावलं. बकल भोरच्या चांभाराने ठोकून सरळ केलं, आणि गिअरने झिजलेल्या चवड्यावर चामड्याचं ठिगळही शिवून दिलं.