सांधेदुखीच्या 'शुद्ध आयुर्वेदिक' पुड्या आणि वडिलांची किडनी

आमच्या तालुक्याच्या आठवडी बाजारात एक गृहस्थ गाडीवर भोंगा लावून सांधेदुखीवरच्या बिनलेबलच्या पुड्या विकत असे. पहिल्या काही पुड्या त्याने वडिलांना फुकट दिल्या, दुसऱ्याच दिवशी त्यांचे गुडघे हलके झाले आणि मग महिन्याचा 'कोर्स' चांगल्या किमतीला गळ्यात पडला. पुढे चेहरा गोल दिसू लागला तेव्हा 'अंग धरते आहे' आणि पाय सुजले तेव्हा 'आतले विष उतरते आहे' असे उत्तर त्याच्याकडे तयार होते. डॉक्टरांना काही सांगू नका, ही त्याची अटच होती. सगळी फसवणूक या एका अटीवर उभी होती.

लघवी कमी झाली, अन्नावरची वासना उडाली, तेव्हा केलेल्या रक्ततपासणीत क्रिएटिनिन, म्हणजे किडनी मंदावली की रक्तात साठणारा टाकाऊ पदार्थ, ३.८ निघाले, आदल्या वर्षी ते १.० होते. डॉक्टरांनी उरलेल्या पुड्या मागवून प्रयोगशाळेत पाठवल्या. त्यांत डायक्लोफिनॅक आणि डेक्सामेथासोन, म्हणजे वेदनाशामक आणि स्टेरॉइड, सापडले. वडिलांना रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड चालूच होते. डायक्लोफिनॅकमुळे किडनीत रक्त नेणारी सूक्ष्म वाहिनी आकसते, टेल्मिसार्टनमुळे बाहेर नेणारी सैल पडते, हायड्रोक्लोरोथायाझाइड या मूत्रल, म्हणजे लघवी वाढवणाऱ्या, औषधामुळे शरीरातले पाणी घटते आणि या तिन्हींमुळे गाळणीवरचा दाबच उतरतो, असे डॉक्टरांनी समजावले.

पुड्या बंद झाल्या, रक्तदाबाच्या दोन्ही गोळ्या काही काळ थांबवल्या, पोटॅशियम व लघवीच्या प्रमाणावर लक्ष ठेवले. स्टेरॉइड मात्र एकदम न तोडता मोजक्या मात्रेत देऊन हळूहळू उतरवले, कारण बराच काळ ते बाहेरून मिळाल्यावर शरीराची स्वतःची निर्मिती मंदावलेली असते आणि अचानक तोडल्यास रक्तदाब कोसळू शकतो. म्हणून घरात कोणी अशा पुड्या घेत असेल, तर त्या फेकून न देता पाकिटासकट डॉक्टरांकडे न्याव्यात. डायलिसिसची वेळ आली नाही, क्रिएटिनिन १.४ वर येऊन थांबले आहे, पूर्वीच्या आकड्यावर उतरलेले नाही. गुडघ्यांसाठी आता पॅरासिटामॉल आणि व्यायाम एवढेच.

खऱ्या आयुर्वेदिक औषधाच्या वेष्टनावरही घटकांची यादी, उत्पादकाचा परवाना क्रमांक आणि बॅच क्रमांक असावा लागतो. इथे नुसता कागद होता. अन्न व औषध प्रशासनाकडे आम्ही अहवालासह तक्रार दिली आहे. विक्रेत्याचा मोबाइल बंद आहे, आणि तशाच पुड्या शेजारच्या तालुक्यात 'मधुमेहावर' म्हणून विकल्या जात असल्याचे कानावर आले आहे.