लाकडी मण्यांची रोझरी, खिशात मावणारी

काचेची रोझरी (कॅथलिकांची जपमाळ) देखणी असते, पण रात्रपाळीला वॉर्डात तिचा आवाज होतो. म्हणून ही साधी लाकडी, दोऱ्यात गाठी मारून ओवलेली घेतली. मणी बरोबर 59 आहेत: 53 ‘नमो मरिया’ या प्रार्थनेचे, 6 ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ या प्रार्थनेचे. हे सहा थोडे मोठे आणि जरा सुटे ओवलेत, त्यामुळे हात खिशात असतानाही ‘नमो मरिया’चे दहा मणी कुठे संपले ते बोटांना कळतं. मला हवं होतं ते नेमकं हेच.

एकही मणी दुसऱ्यासारखा नाही. एखाद्यावर गडद रेघ, एखाद्यावर लाकडाची बारीक गाठ. वापरून वापरून छान तुकतुकी आलीय.

प्रत्येक दहाच्या आधी मी आभाराची एक गोष्ट धरते. ताप उतरलेलं बाळ, किंवा न सांगता माझ्या रुग्णाची सलाइन बदलून गेलेली मैत्रीण. प्रत्येक दहाला येशू-मरियेच्या आयुष्यातल्या एका प्रसंगाचं मनन करतात, त्याला ‘रहस्य’ म्हणतात. येशूची आई मरिया गरोदर एलिझाबेथला भेटायला जाते ते रहस्य तर नर्सचंच आहे असं मला वाटतं. गरोदर बाईच्या मदतीला धावलेली बाई!

तक्रारी दोन. क्रुसाची कडी फार नाजूक आहे, माझी उघडली. आता जाड दोऱ्याने बांधलीय. आणि सोबतचं पत्रक जुनं: पोप जॉन पॉल दुसरे यांनी 2002 मध्ये दिलेली प्रकाशाची रहस्ये त्यात नाहीतच, आणि गुरुवारी तीच म्हणतात. नवशिक्याने गुरुवारी काय म्हणायचं?

पाचपैकी चार तारे. घेताना कडी ओढून बघा.