‘40 पट’ छापलेलं घडीचं भिंग: देठ आणि मुंग्या पाहायला कसं आहे?

ठाण्यात सहज मिळणारं हे धातूचं, बारीक दिवा बसवलेलं भिंग. त्यावर छापलंय ‘40×25’. त्यातला 25 खरा आहे, काचेचा व्यास मिमीमध्ये. 40 मात्र थाप. खात्री करायची तर खिडकीसमोर कागद धरून बाहेरच्या इमारतीचं उलटं चित्र त्यावर स्पष्ट उमटवा, काचेपासून कागदापर्यंतचं अंतर मिमीमध्ये मोजा आणि 250 ला (डोळ्याला आरामात स्पष्ट दिसण्याचं जवळचं अंतर, मिमीमध्ये) त्याने भागा. खरं 40 पट असतं तर अंतर जेमतेम 6 मिमी आलं असतं. इथे 25 च्या आसपास येतं, म्हणजे 10 पट.

तरी घ्या. खऱ्या 40 पटाच्या भिंगाने 6 मिमीवर फांदीपाशी डोकं घुसवलं की आपलीच सावली पडते. देठाला 10 पटच सोयीचं. भिंग डोळ्याला टेकवायचं आणि पान जवळ आणायचं. एरंडाचं पातं देठाला जुळतं तिथल्या बुटक्या ग्रंथी, त्यांवरचा चकचकीत थेंब आणि तो चाटणारी मुंगी, सगळं एका नजरेत मावतं. ऑस्ट्रेलियन बाभळीचं ‘पान’ म्हणजे मुळात चपटा झालेला देठच. त्याच्या बुडाशीही अशी ग्रंथी दिसते. लाजाळूला मात्र हात न लावता आपणच वाकायचं. देठाच्या बुडाची फुगीर गाठ बघा: धक्का बसताच तिच्या खालच्या बाजूच्या पेशींतलं पाणी निघून जातं आणि देठ खाली पडतो. ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात काही तोडू नका, जागेवरच बघा.

मुंगीची कंबर बाजूने पाहावी, वरून गाठी लपतात. पारदर्शक डबीत घालून फ्रिजमध्ये (फ्रीझरमध्ये नव्हे) पाचेक मिनिटं ठेवली की ती सुस्तावते. मुंगळ्याला एक गाठ, घरातल्या बारीक लाल मुंगीला दोन. ही कंबर म्हणजे पोटाचा दुसरा खंड, दोन गाठी असतील तर दुसरा आणि तिसरा. पहिला छातीलाच जोडलेला असतो. पण 2 मिमीच्या मुंगीत दुसरी गाठ या भिंगातून अंदाजानेच कळते. तिथे खरं 20 पट हवं.

काच एकेरी आहे, त्यामुळे कडेला चित्र फाटतं आणि निळी-पिवळी किनार येते. दिवा तर बंदच ठेवा, तुकतुकीत देठावर नुसता पांढरा डाग पडतो. बिजागरीचा स्क्रू सैल होतो, तो अधूनमधून आवळावा लागतो. पावसाळ्यात बटण-सेल काढून टाका आणि डबीत सिलिका जेलची पुडी ठेवा, नाहीतर काचेवर बुरशी चढते.