स्ट्रुव्हाइट खत, ५ किलोची पिशवी: तांबड्या मातीला बरं, खिशाला जड

५ पैकी साडेतीन तारे.

यंदा बेळगावजवळच्या बेळगुंदीच्या शेतात बटाट्याच्या एका सरीला हे आणि दुसरीला डीएपी, म्हणजे नेहमीचं रासायनिक खत, घालून बघितलं. हे म्हणजे सांडपाण्यातलं स्फुरद (फॉस्फरस) काढून केलेलं खत, ऑनलाइन मागवलेलं, ५ किलोला ३०० रुपये. आईनं विचारलं, हे कशाचं? सांगितलं. "म्हणजे सोनखतच की रे!" म्हणाली आणि हात धुवायला गेली.

वास मात्र अजिबात नाही. मळकट पांढरे दाणे, जाड्या रव्याएवढे. सांडपाण्याचा गाळ पिळल्यावर जे पाणी निघतं त्यात अमोनिया आणि स्फुरद दोन्ही असतं. मॅग्नेशियमचं मीठ घालून ते पाणी जरा अल्कधर्मी, म्हणजे आंबटाच्या उलट, केलं की हे खडे तळाला बसतात. मला चुनखडीच्या भेसळीची शंका, म्हणून दोन पेले घेतले. नळाच्या पाण्यात दाणे दुसऱ्या दिवशीही तसेच. लिंबाच्या रसात हळूहळू विरघळले, पण फेस नाही. चुनखडी असती तर फसफसली असती. मग चमचाभर तव्यावर तापवलं. अमोनिया असा नाकात शिरला की बायकोनं तवा सरळ अंगणात नेऊन ठेवला. तेव्हा पिशवी सावलीत ठेवा, पत्र्याखाली तापवू नका. अमोनियातलं नत्र (नायट्रोजन) उडून जाईल.

आमची माती आंबट. तिच्यातलं लोखंड डीएपीतलं स्फुरद धरून बसतं, पिकाला मिळतं थोडंच. सांडपाणी केंद्रात स्फुरद पकडायला फेरिक क्लोराइड घालतात तेही लोखंडाच्या याच गुणावर. फक्त तसं पकडलेलं पुन्हा सुटायला अवघड. हे दाणे आंबट मातीत जरा जरा विरघळतात, एकदम सगळं देत नाहीत. तोटाही तोच. पहिले तीन आठवडे डीएपीची सरी हिरवीगार आणि ही आपली मुकाट. फुलावर आल्यावर फरक दिसेनासा झाला. काढणीला डीएपीची सरी ४१ किलो, याची ३८. दोन सऱ्यांवरून काय ठरतंय म्हणा, पण फुकट गेलं नाही.

आता हिशेब. यात स्फुरद (खताच्या पोत्यावर मोजतात तसं, P₂O₅ धरून) साधारण २९ टक्के, म्हणजे ३०० रुपयांत दीड किलोसुद्धा नाही. किलोला दोनशेच्या वर. डीएपीचं ५० किलोचं पोतं १३५० ला, त्यात २३ किलो स्फुरद आणि वर ९ किलो नत्र. साडेतीन पट महाग पडलं बघा! मॅग्नेशियम मिळतं हे खरं, पण तेवढ्यासाठी कोण देणार?

तक्रार एकच. पिशवीवर नत्र-स्फुरदाचे आकडेच नाहीत, नुसतं 'नैसर्गिक'. विक्रेत्याला दोनदा मेसेज केला, उत्तर म्हणून डिस्काउंट कूपन आलं. अर्धा तारा त्याचा कापला.

येळ्ळूरच्या बहिणीनंही मागितलंय. तिच्या शेताजवळून बळ्ळारी नाला जातो, शहराचं सांडपाणी घेऊन. ती म्हणते, आमचंच स्फुरद आम्हाला विकत का? पण तिची जमीन काळी, आमच्यासारखी आंबट नाही, तिथं हे फार सावकाश विरघळेल. तिला म्हटलं, एका वाफ्यावर बघ आधी. मी पुढच्या खेपेला लागणीला निम्मं डीएपी आणि सोबत हे घालणार. उरलेलं आई जास्वंदीला घालते. तुळशीच्या जवळ नेऊ देत नाही.