ओलोपॅटाडिनचे थेंब: हळदीचा अख्खा हंगाम वापरल्यावर

सांगलीच्या मार्केट यार्डात अडत दुकानात मी हिशेबाला बसते. सौदे सुरू झाले, नमुन्याला हळद ओतायला लागले, की हवेत पिवळी धूळच धूळ. दुपारपर्यंत डोळे लालभडक, खाज आणि कोपऱ्यात दोऱ्यासारखा चिकट स्राव. मिरजेला नेत्रतज्ज्ञांनी तपासून ॲलर्जी सांगितली आणि ओलोपॅटाडिन ०.१ टक्के लिहून दिलं: सकाळ-संध्याकाळ एकेक थेंब.

खाजेवर औषध उत्तम. थोड्याच वेळात डोळे चोळावेसे वाटत नाहीत, आणि चोळणं थांबलं की सूजही उतरते. लाली मात्र सावकाश जाते. नुसत्या चुरचुरीला, कोरडेपणाला याचा फारसा उपयोग नाही. त्यासाठी डॉक्टरांनी कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोजचे साधे थेंब वेगळे दिलेत. दोन्ही घालायचे असले तर मध्ये पाचेक मिनिटं जाऊ द्यायची, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन काढतो.

सुरुवातीला घशात कडू चव यायची. डोळ्यातलं पाणी नाकात उतरतं, तसंच औषधही उतरतं. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोनेक मिनिटं हलका दाबून धरला, तर चवही येत नाही आणि औषध डोळ्यातच राहतं. एका वेळी एकच थेंब पुरे, दुसरा गालावरच ओघळतो. हात धुवायचे, खालची पापणी ओढून थेंब त्या खाचेत सोडायचा, बाटलीचं टोक पापणीला लागू द्यायचं नाही. फोडल्याची तारीख मी पेनने बाटलीवर लिहिते. महिना झाला की अर्धी भरलेली असली तरी टाकून देते. लेन्स वापरणाऱ्यांनी ती आधी काढावी आणि निदान पंधरा मिनिटांनी परत घालावी, कारण बाटलीतलं प्रिझर्वेटिव्ह मऊ लेन्समध्ये मुरतं.

आता ज्यासाठी एवढं लिहायला बसले ते. यार्डात बरेच जण मेडिकलमधून 'लाली जायचा ड्रॉप' मागून आणतात, आणि एकच बाटली चार जणांत फिरते. एकाचा संसर्ग दुसऱ्याला जायला तेवढं पुरतं. त्याहून वाईट म्हणजे अशा काही ड्रॉपांत स्टेरॉइड असतं. खोक्यावर डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन किंवा बीटामेथासोन लिहिलंय का, ते वाचा. आराम झटपट वाटतो, पण डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय ते महिनोन्‌महिने घातलं तर डोळ्यातला दाब वाढू शकतो. तो दुखत नाही, कळतही नाही, आणि काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. मोतीबिंदूही लवकर धरतो. नाफाझोलिनसारख्या लाली घालवणाऱ्या थेंबांचं वेगळंच: सतत घातले की बंद केल्यावर डोळा आणखी लाल होतो.

आमच्या हमालमामांना मी जुनी बाटली घेऊन मिरजेला जायला लावलं. तुमच्याही घरात अशी बाटली असेल तर तीच सोबत न्या, म्हणजे काय घातलं जातंय ते डॉक्टरांना कळेल. डोळा दुखत असेल, उजेड सहन होत नसेल, अंधुक दिसत असेल किंवा पिवळा पू येत असेल, तर कुठलाच थेंब घरच्या घरी घालून बघू नका, त्याच दिवशी दाखवा.