मोठ्या वाफेच्या इंजिनाला वळण किती हवं? 360, 610 आणि 762 मिमी: दहा महिन्यांचा अनुभव

माझ्याकडचं मॉडेल रेल्वेचं इंजिन जर्मन नमुन्याचं, 2-10-0 मांडणीचं आहे. पुढे दोन छोटी चाकं, मग दांड्यांनी एकमेकांना जोडलेली दहा मोठी. एचओ स्केल, म्हणजे 1:87, खऱ्याच्या 87 पट लहान. दोन रुळांमधलं अंतर 16.5 मिमी, टेंडर, म्हणजे मागची कोळसा-पाण्याची गाडी, धरून लांबी 26 सेंटिमीटर. खोक्यावर ‘किमान त्रिज्या 360 मिमी’ असं छापलं होतं. त्या एका ओळीवर विसंबून मी 360 चे रुळाचे तयार तुकडे घेतले, दसऱ्याला गाडी सुरू केली, आणि दिवाळीच्या आत ते सगळे तुकडे काढून ठेवले.

इंजिन रुळावरून उतरलं नाही, हे आधी सांगतो. खोक्यावरचं वाक्य खोटं नव्हतं. पण सरळ रुळावर छान सावकाश जाणारं इंजिन वळणात शिरलं की कण्हल्यासारखं चालायचं. वेग कमी ठेवला तर मधेच थांबायचं. सरळ रुळावर आठ डबे ओढायचं, तेच वळणात चार डब्यांना घसरायचं, कारण फ्लँज, म्हणजे चाकाची आतल्या बाजूची उंच कड, बाहेरच्या रुळाला घासत असायचा. टेंडरचा जोडदांडा लांबच्या भोकात अडकवावा लागला, म्हणून इंजिन आणि टेंडर यांच्यामध्ये बोट जाईल एवढी फट पडली. इतकं सुंदर इंजिन, आणि त्याची मान धडापासून तुटल्यासारखी दिसावी, याचं मला फार वाईट वाटलं.

कारण शोधायला पट्टी घेऊन बसलो. जोडलेल्या चाकांत पहिल्या आणि पाचव्या ॲक्सलमध्ये 78 मिमी अंतर भरलं. 360 च्या वळणात या 78 मिमीच्या मधोमध रूळ 2.1 मिमीनं बाजूला सरकतो. म्हणजे मधल्या चाकांना तेवढं आडवं सरकायला जागा हवी. बनवणारे ती जागा ठेवतात, नाहीतर मधल्या चाकांचा फ्लँजच काढून टाकतात. ही लबाडी नव्हे बरं का. ब्रिटिश रेल्वेच्या खऱ्या 9एफ इंजिनांतही, जी 1954 ते 1960 मध्ये बनली, मधल्या चाकांना फ्लँज नव्हता. मात्र 762 च्या वळणात तेच सरकणं 1 मिमीवर येतं, आणि इंजिनाच्या अंगावरचा निम्मा ताण तिथेच उतरतो.

आमचं घर बेळगावात, टिळकवाडीत, रेल्वेच्या दुसऱ्या गेटाजवळ. बाबा रेल्वेच्या गँगमध्ये, म्हणजे रूळ सांभाळणाऱ्या टोळीत होते, लोंढ्याच्या बाजूला, मीटर गेज होती तेव्हा. मी वळणाचे आकडे मिलिमीटरमध्ये बोलायला लागलो की ते विचारायचे, “डिग्री किती?” आपल्या रेल्वेत 1750 ला मीटरमधल्या त्रिज्येनं भागलं की डिग्री मिळते. ब्रॉडगेजची कमाल 10 डिग्री, म्हणजे 175 मीटर त्रिज्या. मीटर गेजला 16 डिग्री, नॅरो गेजला 40. मग आम्ही दोघांनी हिशेब केला. 360 मिमी गुणिले 87, म्हणजे 31 मीटर, म्हणजे 56 डिग्री! बाबा म्हणाले, “असल्या वळणावर आम्ही ट्रॉलीसुद्धा जपून ढकलली असती.” खऱ्या 10 डिग्रीचं वळण एचओमध्ये करायचं तर 2 मीटर त्रिज्या लागेल. तेवढी जागा कुणाच्याच घरात नसते. पण आपण कुठे उभे आहोत ते त्या दिवशी कळलं.

म्हणून माडीवरच्या 10 बाय 12 फुटांच्या खोलीत मधोमध टेबल ठेवण्याचा बेत सोडला आणि भिंतीलगत फळ्या लावल्या. टेबलावर 762 चं पूर्ण वर्तुळ बसवायला कडेची जागा धरून साडेपाच फूट रुंदी लागते, आणि मग मधल्या रुळांपर्यंत हातही पोचत नाही. फळीवर मात्र वळण खोलीच्या कोपऱ्यात जातं. तीन कोपऱ्यांत 762, आणि चौथ्यात लोखंडी कपाट असल्यामुळे 610. दारात उचलून काढता येणारी फळी आहे.

तयार तुकड्यांत एवढी मोठी त्रिज्या मला मिळाली नाही, म्हणून फ्लेक्स ट्रॅक, म्हणजे हवा तसा वाकवता येणारा रूळ, घेतला. इथे माझी मोठी चूक झाली. दोन तुकडे आधी वाकवले आणि मग जोडले. फ्लेक्स ट्रॅकचं टोक सरळ व्हायला बघतं, त्यामुळे सांध्यावर बारीकसा कोपरा तयार झाला. डोळ्याला दिसत नव्हता, पण इंजिनाचं पुढचं जोडचाक बरोबर तिथेच उतरायचं. बाबांनी ते एका मिनिटात शोधलं. “वळण नजरेनं बघू नकोस, सूत लाव.” गँगमध्ये वळणावर सूत ताणून मधोमध अंतर मोजतात, त्याला वर्सीन म्हणतात. खऱ्या रुळावर 20 मीटरची जीवा घेतात. मी 300 मिमीची स्टीलची पट्टी घेतो. बाहेरच्या रुळाच्या आतल्या कडेला तिची दोन टोकं टेकवायची आणि मधली फट मोजायची. 762 ला ती 15 मिमी यायला हवी, 610 ला साधारण पावणेएकोणीस. पट्टी थोडी थोडी सरकवत गेलं की आकडा कुठे उडी मारतो ते कळतं. माझ्या सांध्यावर 15 चे एकदम 19 झाले होते. तो सांधा सोडवला, दोन्ही तुकडे सरळ असतानाच डाग देऊन (सोल्डर करून) जोडले आणि मग वाकवले. त्यानंतर त्या जागी एकदाही इंजिन उतरलेलं नाही.

सरळ रुळावरून एकदम वळणात जाण्याऐवजी पहिले 30 सेंटिमीटर हळूहळू वाकवले. एक बारीक लवचीक लाकडी पट्टी खिळ्यांमध्ये अडकवून रेघ आखली, की तो आकार आपोआप येतो. डब्यांचं डुलणं यानं जितकं सुधारलं, तितकं त्रिज्या वाढवूनही सुधारलं नव्हतं. डावं वळण संपताच उजवं सुरू होत असेल तर मध्ये निदान एका डब्याइतका सरळ रूळ ठेवा.

बोगदा आणि फलाट वळणावर असतील तर आधी लांब डबा फिरवून बघा. 26.4 मीटरच्या खऱ्या डब्याच्या दोन बोगींमध्ये, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या दोन संचांच्या मध्यांमध्ये, 19 मीटर अंतर असतं, म्हणजे मॉडेलात 218 मिमी. 360 च्या वळणात असा डबा मधोमध 17 मिमी आत झुकतो, 762 मध्ये 8. माझ्या पहिल्या फलाटाची कड त्यामुळेच खरवडली गेली.

आता पाऊस. बेळगावचा जून-जुलै कसा असतो ते तुम्हाला माहीत आहे. साधं प्लाय फुगलं आणि दोन फळ्यांच्या जोडावर रूळ अर्धा मिमी वर आला. छोट्या शंटिंग इंजिनाला त्याचं काही नव्हतं, दहा चाकांच्या इंजिनाची मधली चाकं मात्र अधांतरी व्हायची आणि रुळातून मिळणारी वीज तुटायची. आता फळीच्या सहाही बाजूंना, कापलेल्या कडांनासुद्धा, वॉर्निश मारलं आहे. उन्हाळ्यासाठी काही सांध्यांना डाग न देता व्हिजिटिंग कार्डाएवढी फट ठेवली आहे.

ज्यांच्याकडे 4 बाय 8 चं एकच प्लाय आहे, त्यांना 550 च्या आसपासच थांबावं लागेल, कारण रुंदीच 1220 मिमी. त्यावर आठ जोडचाकांचं इंजिन समाधानानं चालवा. दहा चाकांचं घ्यायचंच असेल तर आधी जमिनीवर खडूनं 610 चं वळण आखून जागा बघा, पैसे नंतर भरा. माझं इंजिन आज 762 वर आठही डबे नेतं, टेंडर जवळच्या भोकात जोडलेलं आहे. कपाटामागच्या 610 वर मात्र अजूनही आवाज बदलतो. तो ऐकू आला की बाबा पेपरातून डोकं न काढता विचारतात, “कपाट कधी हलवतोस?”