चार आण्याचा हीटर कोर, बारा आण्याचा डॅशबोर्ड: अकरा महिन्यांनंतर

गाडी १९९९ मॉडेलचा पिकअप, व्ही-८ इंजिन, काम केलं तेव्हा १ लाख ८७ हजार मैल झालेला. मुक्काम मिनेसोटा, सेंट पॉलच्या बाहेर. गळका हीटर कोर मागच्या मार्चमध्ये घरच्या गॅरेजात बदलला. त्यानंतर ९,४०० मैल झाले आणि एक अख्खा हिवाळा निघाला, म्हणून आता लिहायला हरकत नाही. गाडीच्या कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही. पंचवीस वर्षं निमूट चाललेल्या भागासाठी कुणाला बोल लावायचा?

हीटर कोर म्हणजे डॅशबोर्डच्या पोटात दडवलेला छोटा रेडिएटर. इंजिनातलं तापलेलं कूलंट त्यातून फिरतं, पंखा त्यावरून हवा ढकलतो आणि ती ऊब काचेवर आणि पायाशी येते. पुण्या-मुंबईत तो असला काय, नसला काय. इथे जानेवारीत पारा उणे २५ वर गेला की काच मोकळी ठेवायला तोच लागतो, हातपाय शेकणं नंतर.

दुखणं आधी वासातून कळलं. नोव्हेंबरात बायको गाडीत बसली आणि म्हणाली, "अरे, काकवी तापवल्यासारखा वास येतोय." मी दुर्लक्ष केलं. मग काचेच्या आतल्या बाजूला धुरकट थर धरायला लागला. फडक्यानं पुसला की तो जायचा नाही, नुसता फासला जायचा, तेलकट हात लागल्यासारखा. साधी वाफ ब्लोअर लावला की दोन मिनिटांत जाते, हा थर हलत नव्हता. डिसेंबरात शेजारच्या सीटपुढचा गालिचा ओला लागला. तो एसीच्या पाण्यानंही भिजतो, पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबली तर. पण डिसेंबरात एसीचं पाणी कुठलं? पांढरा टिश्यू दाबून पाहिला तर पोपटी डाग, आणि बोटांना बुळबुळीत. पाणी असतं तर सुकलं असतं, हे चार दिवसांनीही तसंच ओलं.

इथे मी पहिली चूक केली. निदान जवळजवळ झालं होतं, पण डॅश उघडायच्या धास्तीनं गळती बंद करणारी बाटली आणून रेडिएटरात ओतली. कोल्हापुरात मामांचं ट्रकचं गॅरेज होतं. त्यांना व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर हसले. "भाचेबुवा, आम्ही हळद टाकायचो. तुम्ही डॉलर देऊन हळदच आणलीत." हळद काय, बाटली काय, तत्त्व एकच: बारीक कण जाऊन भोकात अडकतात. अडचण अशी की कोरच्या नळ्याही बारीकच असतात. गळती नऊ दिवस थांबली आणि हीटर कोमट झाला. फायरवॉलपाशी, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीपाशी, हात लावून पाहिलं तर आत जाणारा होज (रबरी नळी) चटका देणारा, बाहेर येणारा जेमतेम कोमट. दोन्ही होज जवळजवळ सारखे गरम लागले पाहिजेत. एवढा फरक म्हणजे कोर तुंबला. दहाव्या दिवशी गळती परत सुरू.

मधल्या काळात दोघा-तिघांनी हेड गॅस्केट (इंजिनाच्या दोन भागांमधलं सील, ते गेलं की कूलंट इंजिनातच जळतं) गेल्याचं सांगून घाबरवलं, कारण कूलंट कमी होत होतं आणि जमिनीवर थेंब नव्हता. म्हणून मग रीतसर तपासणी केली. पार्ट्सच्या दुकानात डिपॉझिट ठेवून प्रेशर टेस्टर वापरायला मिळतो. इंजिन गार असताना टेस्टर रेडिएटरच्या तोंडावर बसवला आणि १५ पीएसआयपर्यंत हवा भरली. माझ्या गाडीच्या झाकणावर १६ लिहिलंय, त्याच्या वर जायचं नाही. वीस मिनिटांत काटा ११ वर. टॉर्च घेऊन खाली लोळलो तर एसीचं पाणी सोडणाऱ्या त्या नळीच्या टोकाला एक पोपटी थेंब लोंबत होता. पडेना, पण होता. मग इंजिनाकडचे दोन्ही हीटर होज काढून एकमेकांना जोडले, म्हणजे कोर वाटेतून बाजूला, आणि पुन्हा हवा भरली. अर्ध्या तासात काटा हलला नाही. हेड गॅस्केटची भीती तिथे संपली. ज्यांना कुणाला शंका असेल त्यांनी हा एक प्रयोग करावा, बाकी वासाबिसाच्या गोष्टी त्यापुढे दुय्यम.

ही जोडणी तशीच ठेवून तीन आठवडे गाडी चालवली. इंजिनाला काही होत नाही, माणसाला होतं. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारा पंखावजा हीटर घेतला होता, तो घेऊ नका. बारा व्होल्टच्या त्या सॉकेटमधून जेमतेम दीडशे वॉट मिळतात, घरातला साधा रूम हीटर पंधराशेचा असतो. काचेवर तळहाताएवढं भोक पडायचं आणि त्यातून बघत मी ऑफिसला. पुन्हा करणार नाही.

गॅरेजवाल्यानं १,२५० डॉलर सांगितले. नवा ॲल्युमिनियमचा कोर मला ५८ डॉलरला मिळाला. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला म्हणतात ते हेच. सगळ्या ट्रकांचं असं नसतं. १९८७ ते ९६ मधल्या फोर्ड एफ-१५० मध्ये ग्लोव्हबॉक्स काढला की कोर समोर येतो. मित्राकडे तसला आहे, त्यानं एका दुपारी चहा गार व्हायच्या आत उरकलं म्हणे. (त्याचा चहा गार व्हायला वेळ लागतो, पण मुद्दा खरा.) माझ्या गाडीत अख्खा हीटर बॉक्स, म्हणजे कोर ज्यात बसतो ती पेटी, बाहेर काढावा लागतो. त्यासाठी डॅश सोडवायचा आणि एसीचे पाइपही. एसीतला आर-१३४ए वायू हवेत सोडणं इथे कायद्यानं गुन्हा आहे, त्यामुळे आधी दुकानात जाऊन तो काढून घेतला आणि काम झाल्यावर परत भरून घेतला. त्याचे वेगळे १८० डॉलर. हा खर्च हिशेबात धरा, मी धरला नव्हता.

मामांनी एकच ताकीद दिली होती: "काहीही सोडवायच्या आधी फोटो." दोनशेच्या वर काढले. बॅटरी सोडवून अर्धा तास थांबलो, एअरबॅगच्या पिवळ्या जोडण्यांना त्याआधी हात लावला नाही. चाकं सरळ ठेवून स्टिअरिंग लॉक केलं, कारण स्टिअरिंगचा दांडा खाली उतरवल्यावर ते फिरलं तर आतली एअरबॅगची रिबनसारखी तार तुटते. स्क्रू अंड्यांच्या ट्रेमध्ये, प्रत्येक खळग्यावर मास्किंग टेप आणि मराठीत नोंद: "डावा-खाली-लांब", "रेडिओमागचा, वाकडा". मदतीला आलेल्या शेजाऱ्याला ती लिपी वाचता येईना, त्यामुळे त्यानं एकही स्क्रू आपल्या मनानं लावला नाही. फायदाच झाला.

हीटर बॉक्स उघडला तेव्हा तळाशी सुकलेल्या कूलंटचा हिरवट चिकट लगदा, त्यात पानांचा चुरा, आणि त्यात रुतलेलं एक पंचवीस सेंटचं नाणं. बहुधा काचेवर हवा सोडणाऱ्या फटीतून पडलेलं. चार आणे! धुऊन ठेवलंय.

जुना कोर काढून पाण्यात बुडवला, एका नळीत बूच मारून दुसरीतून हवा दिली. खालच्या कोपऱ्यात, टाकी आणि नळ्या जिथे जुळतात तिथे, सुईच्या टोकाएवढ्या भोकातून बुडबुड्यांची माळ. एवढ्याशा भोकासाठी तीन दिवस डॅश जमिनीवर.

पण भोक का पडलं, हे पाहिल्याशिवाय नवा कोर बसवायचा नाही असं ठरवलं होतं, आणि या सगळ्या कामात शहाणपणाची म्हणावी अशी माझी तेवढीच गोष्ट. पहिलं कारण उघड होतं: जुन्या पद्धतीचं हिरवं कूलंट दोनेक वर्षांत बदलावं लागतं, कारण त्यातली गंज रोखणारी द्रव्यं संपतात. मी सहा वर्षं बदललं नव्हतं. दुसरं कारण मल्टिमीटरनं दाखवलं. गाडी उघडायच्या आधीच एक टोक कूलंटमध्ये धातूला न लावता बुडवलं, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. इंजिन बंद असताना ०.१२ व्होल्ट. इंजिन चालू करून हेडलाइट आणि ब्लोअर लावल्यावर ०.४५. भार टाकल्यावर आकडा उसळतो म्हणजे वीज परतीच्या वाटेला तारेऐवजी कूलंट धरते, आणि जाता जाता ॲल्युमिनियम खाते. इंजिनापासून फायरवॉलला येणारी अर्थिंगची पट्टी पाहिली तर रस्त्यावरच्या मिठानं कुजून दोन तारांवर लोंबत होती. नवी पट्टी अकरा डॉलरची. ती लावल्यावर, नव्या कूलंटमध्ये, सगळं चालू ठेवूनही आकडा ०.०६. हे न करता कोर बसवला असता तर तोही यथावकाश गेलाच असता.

बसवण्याबद्दल थोडक्यात. होज पिळून काढू नका, ब्लेडनं उभा चिरा, नवा स्वस्त असतो. नव्या कोरबरोबर फोमच्या पट्ट्या आल्या नाहीत, त्या वेगळ्या घेऊन चारी कडांना लावल्या. नाहीतर हवा कोरच्या आतून न जाता बाजूनं निसटते आणि कोर नवा असूनही ऊब येत नाही. आतली हवा वळवणाऱ्या झडपेवरचा फोमही भुगा झाला होता, तोही बदलला. रेडिएटर, इंजिन, होज पाण्यानं उलटसुलट धुतले, त्या बाटलीतल्या मालाचा तपकिरी गाळ बादलीभर निघाला. मग कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं निम्मं, ते उणे ३७ पर्यंत गोठत नाही. जुनं कूलंट डब्यात भरून काउंटीच्या घातक कचरा केंद्रावर दिलं. चवीला गोड असतं, कुत्री चाटतात आणि मरतात, त्यामुळे अंगणात थेंब सांडू दिला नाही.

आता अकरा महिन्यांचा हिशेब. पहिले दोन आठवडे डॅशमागे गुडगुड आवाज यायचा, नळ्यांत हवा अडकलेली. गाडीचं तोंड चढाला लावून, गार इंजिनावर झाकण काढून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून जागेवरच दोनदा इंजिन चालवलं तेव्हा गेला. बाहेर उणे २४ असताना वीस मिनिटांनी व्हेंटमध्ये पाक करायचा थर्मामीटर धरला, ५८ अंश. तुंबलेल्या कोरवर तो ३५ च्या पुढे गेला नव्हता. काचेवर थर नाही. वास मात्र जूनपर्यंत राहिला, गालिचा तीनदा धुऊनही. शेवटी खालचा फोम काढून फेकला, नवा कापून टाकला, तेव्हा बायकोनं गाडी पास केली.

नोव्हेंबरच्या पहिल्या कडक थंडीत एका होजपाशी ओल दिसली. पेचाच्या क्लॅम्पनं आवळलेलं रबर थंडीत आकसतं आणि क्लॅम्प सैल पडतो. दोन्हीकडे स्प्रिंगचे क्लॅम्प लावले, त्यानंतर कोरडं.

एकूण खर्च, एसी आणि कूलंट धरून, ३६० डॉलर आणि तीन दिवस, शिवाय डॅशच्या तीन प्लास्टिकच्या खुंट्या तुटल्या त्या वेगळ्या. डॅश काढावा लागणारी गाडी असेल आणि गाडीवाचून तीन दिवस निघत नसतील तर सरळ गॅरेजला द्या, त्यांची मजुरी खोटी नाही. फक्त अर्थिंग तपासायला सांगा, आपणहून कुणी बघत नाही.

कूलंटच्या बाटलीवर मार्चमध्ये बायकोच्या नेलपॉलिशनं खूण केली होती. गेल्या रविवारी इंजिन गार असताना पाहिलं, पातळी खुणेवर. ग्लोव्हबॉक्सच्या मागे खड्ड्यातून जाताना कडकड वाजतं ते मात्र अजून सापडलेलं नाही. अंड्यांच्या ट्रेमध्ये एक स्क्रू उरलाय, "उजवा-वर-?" लिहिलेला.